कॅप्टनचे कान

रेडा मागून आला आणि ओजस्विनी म्हणाली, "समोर!"

चाहूलदाराने ‘समोर’ म्हटलं की सगळ्यांनी पाठ फिरवून पळायचं, हा पलटणीचा नियम. पलटण मोठी शिस्तीची. पाचही जण गर्रकन वळले, जीव खाऊन पळाले आणि एकामागोमाग एक रेड्याच्या शिंगांवर जाऊन आदळले. रेड्याला काही करावंच लागलं नाही. तो नुसता उभा होता.

हा रेडा लोखंडाचा होता आणि संगणकात राहत होता, त्यामुळे कोणाला खरचटलं नाही. खरचटली ती अब्रू.

खेळाचं नाव ‘अंधारभुयार’. पाच जणांच्या तुकडीने एक पेटता कंदील भुयारातून बाहेर न्यायचा. भुयारात लोखंडी रेडे मोकाट फिरत असतात. कंदिलाच्या उजेडात स्वतःचं नाकही धड दिसत नाही, तेव्हा रेडा दिसायची आशा सोडूनच द्यायची. तो फक्त ऐकू येतो. म्हणून प्रत्येक तुकडीत एक चाहूलदार असतो. त्याने आवाजावरून रेडा कुठे आहे ते ओळखायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. इचलकरंजीच्या ‘पंचगंगा पलटणी’ची चाहूलदार होती ओजस्विनी मगदूम. सातवीत होती, आणि दोन वर्षांत तिने एकाही रेड्याला पलटणीच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं.

त्या काळात इचलकरंजीत दूध घरोघर ड्रोनने (उडत्या यंत्राने) येऊ लागलं होतं आणि तरीही पातळच होतं. मागांवर तुटलेलं सूत जोडायला यंत्रमानव उभे राहिले होते. शाळांच्या क्रीडास्पर्धांत खो-खो आणि कबड्डीच्या शेजारी संगणकावरचे खेळही जाऊन बसले होते. त्यांना घाम येत नाही म्हणून पीटीचे सर अजून त्यांच्याशी नीट बोलत नसत, एवढंच.

"ओजू, हे काय चाललंय?" पलटणीचा कॅप्टन धैर्यशील म्हणाला. तो नववीत होता आणि कॅप्टन झाल्यापासून हात मागे बांधून चालायला लागला होता. "मागनं आलेला तू पुढं सांगतीस. पुढनं आलेला मागं. डावं-उजवं तेवढं बरोबर. असं अर्धं बरोबर कुणी असतं का?"

"मलाच कळेना," ओजस्विनी म्हणाली. "जुन्या हेडसेटवर असं कधी झालं नव्हतं."

जुन्या हेडसेटची वायर खुर्चीच्या चाकाखाली येऊन तुटली होती. मग धैर्यशीलने स्वतःचा ‘गर्जना’ तिला तीन दिवसांपूर्वी दिला होता. ‘गर्जना’ म्हणजे बिनवायरचा, सराउंड आवाजाचा (चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या आवाजाचा), खोक्यावर आग ओकणारा सिंह असलेला हेडसेट. धैर्यशीलने तो दिला कारण त्याच्याकडे ‘महागर्जना’ आला होता. पलटण म्हणजे एक प्रकारचं तरुण मंडळच होतं. सगळ्यांचे टी-शर्ट सारखे, सगळ्यांच्या डोक्यावर कॅप्टनसारखाच केसांचा तुरा, आणि आता सगळ्यांकडे ‘गर्जना’. ओजस्विनीनेही तोच घ्यायचा, हे न बोलताच ठरलेलं होतं.

"हेडसेट एक नंबर हाय," धैर्यशील म्हणाला. "म्हणजे घोटाळा कानात. रविवारी चाचणी आहे. रविवारी जमलं नाही तर चाहूलदार अझीम. तू राखीव."

अझीम कंदील सांभाळायचा. त्याने मान खाली घातली आणि ‘गर्जना’चे दिवे मोजायला लागला. राखीव म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. राखीव म्हणजे बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणणारा.

ओजस्विनी रडली नाही. तिने हेडसेट पिशवीत घातला आणि म्हणाली, "रविवारी जमेल."

कसं जमेल, हे तिला त्या क्षणी अजिबात माहीत नव्हतं. पण काही माणसं आधी ठरवतात आणि मग शोधतात. ओजस्विनी त्यातली होती.

घरी तिचे आजोबा पेपर वाचत बसले होते. डॉ. भूपाल मगदूम हे ध्वनिशास्त्रज्ञ (आवाज कसा तयार होतो, कसा पसरतो, याचा अभ्यास करणारे). घरातले त्यांना आप्पा म्हणत. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाचा शब्द स्पष्ट ऐकू यावा म्हणून भिंती कशा बांधायच्या, हे त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर मात्र आपलं घरात कोणालाच ऐकू जात नाही, अशी त्यांची तक्रार होती.

"आप्पा, माझे कान बिघडलेत का?"

"कोण म्हणतं?"

"धैर्यशील."

"तो कानाचा डॉक्टर आहे?"

"कॅप्टन आहे."

"मग प्रश्नच मिटला," आप्पांनी पेपरची घडी घातली. "कॅप्टन कधी चुकत नाहीत. नकाशे चुकतात. काय झालं ते सांग."

तिने रेड्याची हकीकत सांगितली. आप्पांनी ती गंभीरपणे ऐकली, मग एक स्टूल खोलीच्या मधोमध ठेवलं, तिला त्यावर बसवलं आणि तिच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला.

"मान हलवायची नाही. देवळातल्या मूर्तीसारखी बस. मी किल्ल्या वाजवतो. कुठे ते सांग."

किल्ल्या किणकिणल्या.

"उजवीकडे."

"कसं कळलं?"

"ऐकू आलं की."

"ऐकू दोन्ही कानांना आलं. मग डावीकडे का नाही म्हणालीस?"

ओजस्विनी गप्प झाली. रोज करत असलेली गोष्ट आपण कशी करतो हे विचारलं की माणूस असाच गप्प होतो.

"आवाज हवेतून धावत येतो," आप्पा म्हणाले. "वेगाने येतो, पण वेळ लागतोच. किल्ल्या उजवीकडे आहेत. म्हणजे आवाज उजव्या कानात आधी शिरला. डाव्या कानापर्यंत जायला त्याला तुझ्या डोक्याला वळसा घालावा लागला. उशीर किती झाला? सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. पण मेंदू तेवढा फरकही पकडतो."

"बाप रे."

"शिवाय मध्ये डोकं आलं. उन्हात उभं राहिलं की सावली पडते, तशी डोक्याची आवाजातही सावली पडते. डाव्या कानावर ती पडली, म्हणून तिथे आवाज थोडा हळू लागला. म्हणजे मेंदूकडे दोन बातमीदार आहेत. एक म्हणतो, मला आधी कळलं आणि मोठ्याने कळलं. दुसरा म्हणतो, मला नंतर कळलं आणि हळू कळलं. दोघांच्या बातम्या शेजारी ठेवून मेंदू दिशा ठरवतो. डावं-उजवं तुझं बरोबर येतं ना?"

"पक्कं येतं."

"मग कान शाबूत आहेत. आता पुढे."

किल्ल्या तिच्या नाकासमोर वाजल्या. "समोर," ती म्हणाली. मग डोक्यामागे वाजल्या. "मागे."

"आता सांग. समोरून आवाज आला तेव्हा तो आधी कोणत्या कानाला पोचला?"

"दोन्हींना एकदमच."

"आणि मागून आला तेव्हा?"

"दोन्हींना..." ती थांबली. नॅपकिनखाली तिच्या भुवया जवळ आल्या. "एकदमच. सावलीपण नाही कुठे. आप्पा, म्हणजे दोन्ही वेळा बातमी एकच."

"अगदी एकच."

"मग मला कळलं कसं?"

आप्पांनी किल्ल्या ठेवून दिल्या. ते स्वयंपाकघरात गेले. आई चपात्यांची कणीक मळत होती. आप्पांनी त्यातला लिंबाएवढा गोळा उचलला आणि तितक्याच शांतपणे परत निघाले.

"आप्पा, ती कणीक कुठं चालली?" आईने विचारलं.

"कानात."

आईने या उत्तरावर थोडा विचार केला आणि पुढे काही न विचारणंच ठीक, असं ठरवलं.

आप्पांनी ओजस्विनीच्या दोन्ही कानांच्या बाहेरच्या घड्या कणकेने भरून सपाट केल्या. "भोकात काही घालायचं नाही हं, कधीच नाही. ते उघडंच ठेवायचं. आपण फक्त बाहेरचे डोंगर-दऱ्या बुजवतोय. ऐकू येतंय?"

"येतंय. गार लागतंय."

किल्ल्या वाजल्या. "उजवीकडे." बरोबर. पुन्हा वाजल्या. "डावीकडे." बरोबर. पुन्हा वाजल्या.

"समोर," ओजस्विनी म्हणाली.

"नॅपकिन काढ."

तिने काढला. समोर फक्त भिंत होती. आप्पा तिच्या मागे उभे होते.

ती बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा नॅपकिन बांधला आणि म्हणाली, "परत." आप्पांनी परत वाजवल्या. कधी बरोबर आलं, कधी चुकलं. अगदी तुक्का लावल्यासारखं. तिसऱ्यांदा "परत" म्हटल्यावर आप्पांचा हात दुखायला लागला.

"घड्या!" ती शेवटी म्हणाली. "कानाच्या घड्या सांगतात."

"घड्या सांगतात. समोरून आलेला आवाज कानाच्या वाटीत सरळ पडतो. मागून आलेल्याला कानाच्या पाळीच्या पाठीवरून चढून यावं लागतं. घड्यांवर आपटताना आवाजातले काही बारीक, किणकिणते स्वर मोठे होतात, काही पुसले जातात. दर दिशेचा आवाज वेगळा रंगून आत जातो. याला आपण कर्णठसा म्हणू (कानाच्या आकारामुळे आवाजावर उमटणारी खूण). तुझा मेंदू जन्मल्यापासून हा ठसा पाठ करत आलाय."

"सगळ्यांचा ठसा सारखा असतो?"

"धैर्यशीलचे कान आणि तुझे कान सारखे आहेत?"

ओजस्विनी आरशासमोर गेली. तिचे कान लहान होते आणि वाऱ्याने उघडलेल्या खिडकीच्या झडपांसारखे बाहेर आलेले होते. धैर्यशीलचे मोठे होते, डोक्याला चिकटून बसलेले, लांब पाळ्यांचे.

"पण हेडसेट घातला की आवाज मागून येतच नाही," ती आरशातल्या आप्पांना म्हणाली. "तो थेट भोकावरच वाजतो. घड्यांना काही कामच नाही."

"बरोबर. म्हणून घड्यांचं काम हेडसेटला करावं लागतं. रेडा मागे असेल तर तो हिशेब मांडतो: हा आवाज खरोखर मागून आला असता तर कानाच्या घड्यांनी तो कसा रंगवला असता? तसा रंगवतो आणि मग आत सोडतो. याला म्हणतात आभासी सराउंड (नसलेली दिशा असल्यासारखी भासवणारा आवाज)."

"घड्यांनी म्हणजे कोणाच्या कानाच्या घड्यांनी?"

आप्पा तिच्या डाव्या कानातली कणीक काढत होते. ते थांबले. "हा प्रश्न उद्या दुकानात विचार. असाच्या असा."

"आणि जुन्या हेडसेटवर कसं काय जमत होतं?"

"तो साधा होता. हिशेब खेळ स्वतः करायचा, सरासरी माणसाचे कान धरून. दोन वर्षांत तुझ्या मेंदूने ते परके कान पाठ केले. मेंदू हुशार असतो. नवे कान दिले तर काही आठवड्यांत तेही शिकतो."

"चाचणी परवा आहे."

"मेंदूला सांगून बघ."

दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटरवरून दुकानात गेली. वाढदिवसाची भेट आगाऊ मिळणार, हे आईकडून मंजूर झालं होतं. अट एकच होती: कणीक पुन्हा घरात फक्त चपातीसाठी वापरली जाईल.

दुकानात विक्रीला सत्यवान होता. सत्यवान हा यंत्रमानव. काही वर्षांपूर्वी ‘खरं बोला’ कायदा आला होता: विक्री करणाऱ्या यंत्रमानवाने गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही. माणसांना तो लागू नव्हता, कारण तो माणसांनी केला होता. कायद्यात खोटं बोलायला बंदी होती. विचारल्याशिवाय खरं सांगायची सक्ती मात्र नव्हती. ही मेख सत्यवानच्या फार लवकर लक्षात आली होती.

"नमस्कार," तो म्हणाला. "‘गर्जना’ला बत्तीस दिवे आहेत. ‘वादळ’च्या खोक्यावर वाघ आहे. दोन्ही विधानं खरी आहेत."

"तो करडा कुठला?" ओजस्विनीने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो ‘कर्णिका’. त्याला दिवे नाहीत. वाघही नाही." यंत्रमानवाला दुःख होत नाही, पण सत्यवानचा आवाज तसा लागला खरा.

आप्पा एका स्टुलावर बसले आणि छताकडे बघायला लागले. म्हणजे आता ते मदत करणार नव्हते.

ओजस्विनीने ‘गर्जना’ हातात घेतला. "यात स्पीकर किती?"

"दोन."

"खोक्यावर ‘सात अधिक एक’ लिहिलंय. म्हणजे आठ."

"खोकं यंत्रमानव नाही. त्याला कायदा लागू नाही."

"मग आठ कुठून आले?"

"विचारलंत म्हणून सांगतो. खेळ सात दिशांचे आवाज वेगवेगळे पाठवतो आणि आठवा नुसत्या खोल घुमण्याचा. हेडसेट त्या आठांचा दोन कानांपुरता काढा करतो."

ओजस्विनीने मान डोलावली. कान दोन, त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या बातम्या दोन, तेव्हा स्पीकरही दोन पुरेत. आठ स्पीकर लावले तरी शेवटी त्यांनी याच दोन दारांतून आत जायचं. म्हणजे स्पीकरांची संख्या विचारणं म्हणजे जेवायला बसल्यावर स्वयंपाकघराला खिडक्या किती हे विचारणं.

"वायर नाही, तर आवाज संगणकातून येतो कसा?"

"‘वादळ’मध्ये ब्लूटूथवरून (जवळच्या यंत्रांना जोडणाऱ्या साध्या रेडिओलहरींवरून). ‘गर्जना’ आणि ‘कर्णिका’मध्ये डोंगलवरून. डोंगल म्हणजे संगणकाला खोचायची ही एवढीशी खुंटी. ती फक्त आपल्या हेडसेटशी बोलते."

"फरक काय पडतो?"

"बसायला वेळ असेल तर सांगतो," सत्यवान म्हणाला, कारण एवढा मुद्द्याचा प्रश्न त्याला फार दिवसांनी कोणी विचारला होता. "ब्लूटूथ आवाजाची घडी घालून गाठोडं बांधतं, पाठवतं, आणि हेडसेट ते सोडून पुन्हा पसरतो. या बांधाबांधीत ‘वादळ’ला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. गाणं ऐकताना कळतही नाही. डोंगल जवळजवळ लगेच पोचवतो."

"सेकंदाच्या पाचव्या भागात लोखंडी रेडा तीन पावलं पुढे येतो."

"माझ्याकडे रेड्यांची माहिती नाही."

"माझ्याकडे आहे," ओजस्विनी म्हणाली आणि वाघाचं खोकं बाजूला सारलं. "‘गर्जना’ची बॅटरी किती टिकते?"

"दिवे लावून की विझवून?"

"लावून."

"एक सामना. लांबला तर नाही."

तिने तो डोक्यावर घालून पाहिला. तीन दिवस वापरूनही त्याच्या वजनाची सवय झाली नव्हती. मान आपोआप नम्र होत होती. मग तिने ‘कर्णिका’ घातला. हलका होता. कान त्याच्या वाट्यांत मोकळे बसले, कुठे चेपले नाहीत. तिने तो तसाच डोक्यावर ठेवला आणि कालपासून घोळवलेला प्रश्न विचारला.

"हे हेडसेट आवाज रंगवतात, तो कोणाच्या कानाच्या घड्यांनी?"

सत्यवानच्या कपाळावरचा हिरवा दिवा काही वेळ लुकलुकत राहिला.

"‘वादळ’मध्ये सरासरी माणसाच्या. हा माणूस कुठेच राहत नाही. ‘गर्जना’ आणि ‘कर्णिका’मध्ये ज्याच्या कानांचे फोटो काढून त्यात भरले, त्याच्या."

ओजस्विनीने हेडसेट हळूच काढला. धैर्यशीलने ‘गर्जना’ घेतला तेव्हा कोणाच्या कानांचे फोटो भरले असतील? त्याच्याच. आणि परवा तो मोठ्या अभिमानाने सांगत होता, की पलटणीतल्या सगळ्यांच्या हेडसेटमध्ये त्याने स्वतःचं ‘कॅप्टन सेटिंग’ टाकलंय. कॅप्टन सगळ्यांत चांगला खेळतो, तर त्याचं सेटिंग सगळ्यांना चांगलं, असा सरळ हिशेब. टी-शर्ट सारखे, केसांचा तुरा सारखा आणि कानही सारखे.

तीन दिवस ती धैर्यशीलचे कान लावून रेडा शोधत होती.

"आप्पा," ती म्हणाली, "माझे कान बिघडलेले नाहीत. ते माझ्या डोक्यावर नव्हतेच."

आप्पा छताकडेच बघत होते. पण त्यांच्या मिशा हलल्या.

सत्यवानने तिच्या दोन्ही कानांचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि ‘कर्णिका’त भरले. "आपला डावा कान उजव्यापेक्षा किंचित जास्त बाहेर आहे," तो म्हणाला. "विचारलं नव्हतंत, पण सांगावंसं वाटलं."

घरी आल्यावर तिने हेडसेट लावला आणि आवाज आला तो नुसता गिजगोळा. रेडा एकाच वेळी सगळीकडे होता आणि कुठेच नव्हता. दुसरं कोणी असतं तर हेडसेटला शिव्या देऊन परत घेऊन गेलं असतं. ओजस्विनी खेळाचं एकेक बटण तपासत बसली. आई जेवायला बोलावून थकली. शेवटी सापडलं: सराउंडचा हिशेब खेळही करत होता आणि हेडसेटही. आमटीला दोनदा फोडणी बसली होती. तिने खेळातला बंद केला, हेडसेटमधला ठेवला, डोळे मिटले.

कुठेतरी लोखंडी खूर दगडावर वाजला. मागे. थोडा डावीकडे. ती खुर्चीत चक्क वळून बघायला गेली.

रविवारी दुपारी शाळेच्या संगणक खोलीत पलटण जमली. धैर्यशीलने करड्या हेडसेटकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ह्ये काय? दिवा नाही, काही नाही. आपल्यात शोभतंय का?"

"अंधारात खेळायचं आहे," ओजस्विनी म्हणाली.

"बरं, असू दे. आण इकडं, माझं सेटिंग टाकतो त्यात."

"नको."

कॅप्टनला ‘नको’ म्हणायची पद्धत पलटणीत नव्हती. कसं म्हणतात ते बघायला सगळे खुर्च्या वळवून बसले.

"का नको? माझं सेटिंग खराब हाय काय?"

"चांगलं आहे. तुझ्यासाठी. त्यात तुझे कान आहेत." तिने त्याला घड्यांचं, ठशाचं, सगळं सांगितलं. कणकेचंही सांगितलं. कणकेशी आल्यावर बाकीच्यांतले दोघं हसले.

"कानात कणीक," धैर्यशील म्हणाला. "आप्पांचं आता वय झालं, ओजू. कान म्हणजे कान. ऐकू येतं की झालं."

"मग एक फेरी तू चाहूलदार हो. माझा हेडसेट लाव. माझे कान लावून खेळ. तुला जमलं तर मी आजपासून राखीव, बाटल्या मी भरणार. नाही जमलं तर मी म्हणते ते ऐकायचं."

आता माघार घेणं कॅप्टनला शोभलं नसतं. धैर्यशीलने ‘कर्णिका’ डोक्यावर चढवला, बोटं मोडली आणि फेरी सुरू झाली. सगळ्यांचे पडदे काळे झाले. कंदील मिणमिणला. चौघं श्वास रोखून कॅप्टनच्या हुकमाची वाट बघत होते.

"उजवीकडं एक," धैर्यशील म्हणाला. बरोबर होतं. पलटण डावीकडे सरकली. त्याने ओजस्विनीकडे बघून भुवया उडवल्या.

मग तो थबकला. डोकं तिरकं केलं. "समोर!"

पलटण शिस्तीची. सगळे गर्रकन वळले आणि पळाले.

आदळण्याचा आवाज बराच वेळ घुमत राहिला. कंदील अझीमच्या हातात होता, म्हणून तो सगळ्यांत शेवटी आदळला.

धैर्यशीलने हेडसेट काढला, उलटासुलटा करून बघितला. "मागनं आला?"

"मागनं," ओजस्विनी म्हणाली.

"पण मला तर पुढं... अगदी पुढं वाटला." तो हेडसेटकडे बघतच राहिला.

"मला पण तसंच होतंय," अझीम एकदम म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळल्यावर तो खुर्चीत जरा खाली सरकला. "‘गर्जना’ घेतल्यापासनं. मागचं पुढं, पुढचं मागं. मी म्हटलं, कॅप्टनचं सेटिंग हाय. आपलेच कान चुकत असतील."

उरलेल्या दोघांनीही माना डोलावल्या. चार जण एकाच भुयारात, एकाच कॅप्टनचे कान लावून, आपापल्या कानांना दोष देत फिरत होते, आणि कोणी कोणाला काही बोललं नव्हतं.

धैर्यशीलचे स्वतःचे कान लाल झाले. मग त्याने हेडसेट ओजस्विनीच्या हातात दिला. "घाल. परत पहिल्यापासनं. बघूया."

फेरी सुरू झाली. ओजस्विनीने डोळे मिटून घेतले; तसंही दिसण्यासारखं काही नव्हतं. पाणी ठिबकत होतं, समोर, लांब. अझीमच्या कंदिलाची कडी कुरकुरत होती, उजव्या खांद्याशी. आणि मग एक खूर वाजला. आवाजाचा एक बारीकसा काप, पाळीच्या पाठीवरून चढून आलेला.

"मागे," ती म्हणाली. "पुढे पळा."

कोणीही लगेच पळालं नाही. तीन दिवस आदळून आदळून पलटणीचा विश्वास थोडा लंगडत होता. एका क्षणात रेडा त्यांना गाठणार होता.

"ऐकलं न्हाई काय?" धैर्यशील गरजला. "चाहूलदार म्हणाली मागे. पळा!"

सगळे पळाले. रेडा त्यांच्या पाठीमागून धडधडत आला आणि भिंतीवर जाऊन आदळला. त्यानंतर डावीकडून एक आला, तो चुकवला. समोरून एक आला, तोही चुकवला. एकदा ती दोन पावलं उशिरा बोलली आणि धैर्यशीलचा टी-शर्ट, म्हणजे पडद्यावरचा, थोडा फाटला. पण कंदील भुयाराबाहेर आला तेव्हा पेटता होता आणि पाचही जण त्याच्याभोवती उभे होते.

"चाहूलदार ओजस्विनी," धैर्यशीलने जाहीर केलं, जणू दुसरं कोणाचं नाव कधी निघालंच नव्हतं. मग खिशातून मोबाइल काढून तो अझीमकडे गेला. "तुरा बाजूला कर. कान दाखव. अरे, असा नव्हे, आडवा वळ. सगळ्यांचे फोटो आजच काढायचे. माझं सेटिंग पुसून टाका." थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "टी-शर्ट तेवढे सारखेच राहू देत."

संध्याकाळी आप्पा तिला न्यायला आले. दोघांनी हेल्मेट चढवली आणि स्कूटर मोठ्या रस्त्याला लागली. चौकात शिरता शिरता कर्कश हॉर्न वाजला. आप्पांनी डावीकडे बघितलं, कोणी नव्हतं. उजवीकडे बघितलं, कोणी नव्हतं. तेवढ्यात एक ट्रक मागूनच त्यांना घासून पुढे गेला. आप्पांनी स्कूटर कडेला थांबवली.

"आप्पा, तुम्हाला कळलं नाही तो मागे आहे?"

"नाही कळलं."

ओजस्विनीने आपल्या हेल्मेटवर टिचकी मारली. मग दोन्ही बाजूंना कान असतात तिथे चाचपून पाहिलं. तिथे गुळगुळीत प्लास्टिक होतं. एकही घडी नाही.

"ही तर कणीकच झाली," ती म्हणाली. "सगळं गाव कानांना कणीक लावून ट्रकांमधून वाट काढतंय. म्हणून कोणी हेल्मेट घालायचं सोडून देईल, तर तेही बरोबर नाही, डोकं फुटेल." ती विचार करत होती, आणि तोही मोठ्याने. "बाहेरच्या बाजूला दोन छोटे माइक लावले तर? आवाज ते पकडतील. आणि आत, ज्याचं हेल्मेट त्याच्या कर्णठशाने रंगवून ऐकवायचं. आग विझवणाऱ्या लोकांनासुद्धा. धुरात दिसत नाही. आतून कोणी हाक मारली तर कुठून मारली ते कळेल."

"माइकवर वारा घोंघावेल," आप्पा म्हणाले.

"त्याचं बघू."

"आवाज पोचायला उशीर होऊन चालणार नाही. ट्रक रेड्यापेक्षा जोरात येतो."

"तेही बघू. आधी हेल्मेट काढा आणि इकडे वळा."

"कशाला?"

"फोटो काढायचाय. पहिलं तुमचं करू. तुम्ही गाडी चालवता आणि मागे मी बसते."

आप्पांनी हेल्मेट काढलं. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले, कारण भर चौकात एक मुलगी एका पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांच्या कानाचे फोटो काढत होती, आणि ते गृहस्थ शांतपणे, सांगेल तसे वळत होते.

"पाळी जरा पुढे ओढा, आप्पा," ओजस्विनी म्हणाली. "मागची घडी येत नाहीये."